इंजिनचा पिवळा दिवा लागला: कोड वाचण्यापासून ईजीआर साफ करण्यापर्यंत, क्रमाने

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की कोकणात बहुतेक ठिकाणी एकच प्रकार घडतो. गाडी गॅरेजला जाते, स्कॅनर लागतो, कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) उडवला जातो, दिवा विझतो आणि चार दिवसांनी बाजारातून परतताना पुन्हा लागतो. मग कोडमध्ये ईजीआरचं, म्हणजे धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं, नाव होतं म्हणून ईजीआर खोलून धुतला जातो. तेवढ्याने भागलं नाही की नवा बसवला जातो. आणि इतका खर्च झाल्यावर सापडते उंदराने कुरतडलेली एक वायर.

चूक साफ करण्यात कमी आणि क्रमात जास्त होते. कोड तक्रार कुठे जाणवली ते सांगतो, ती कोणामुळे झाली ते आपल्याला शोधावं लागतं. किनारपट्टीवर तर कार्बनच्या आधी तीन गोष्टी बघायच्या असतात: खारी हवा, पावसाचं पाणी आणि उंदीर. पुढचे टप्पे पेट्रोल आणि डिझेल दोन्हींसाठी आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

आधी हे बघा. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरायचं कारण नाही, सावकाश घरी या. दिवा लुकलुकत असेल आणि इंजिन झटके देत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न जळता पुढे जातंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि त्याची जाळी वितळवू शकतं. रेस कमी करा, सुरक्षित जागी थांबा. सोबत ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा असेल तर इंजिन लगेच बंद करा; हा लेख त्या प्रसंगासाठी नाही.

## तयारी

ब्लूटूथवर चालणारा ईएलएम ३२७ प्रकारचा छोटा अडॅप्टर आणि फोनवरचं एखादं अ‍ॅप घरच्या तपासणीला पुरतं. आयफोन असेल तर तुमच्या फोनला चालणारा अडॅप्टर आहे ना, ते घेतानाच विचारा. अ‍ॅप निवडताना ते नुसता कोड न दाखवता ‘फ्रीझ फ्रेम’ आणि चालू इंजिनचे आकडेही दाखवतं का, हे पाहा.

याशिवाय साधा मल्टिमीटर, टॉर्च, सॉकेट-रॅचेटचा संच, नायलॉनचा ब्रश (जुना टूथब्रश चालतो), धागे न सुटणाऱ्या सुती चिंध्या, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा.

स्प्रेचे डबे तीन लागतात आणि ते एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. एअर फ्लो सेन्सरसाठी (इंजिनात किती हवा जातेय ते मोजणारा) त्याचाच क्लीनर, थ्रॉटल (हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि ईजीआरच्या कार्बनसाठी थ्रॉटल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर, आणि वायरिंगच्या कपलरसाठी (वायरी जोडणारा प्लग) कॉन्टॅक्ट क्लीनर. दुकानदार ‘एकाच डब्यात सगळं होतं’ म्हणाला तरी तीन वेगळे घ्या. कार्ब्युरेटर क्लीनर एअर फ्लो सेन्सरवर मारला की तो सेन्सर गेला असंच समजा.

ईजीआर खोलायचा असेल तर त्याचं नवं पॅकिंग आधी हातात असू द्या. रत्नागिरी-चिपळूणला पार्ट मिळाला नाही तर तो कोल्हापूरहून किंवा मुंबईहून मागवावा लागतो, आणि तोवर गाडी उघडी पडून राहते. पावसाच्या दिवसांत हे काम पत्र्याच्या शेडखालीच करा. उघड्या इंटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, पागोळीचे चार थेंबही जाता कामा नयेत.

## टप्पा १: कोड घ्या, लिहून ठेवा, उडवू नका

अडॅप्टरचं सोळा पिनांचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असतं. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत ते सापडेल. इंजिन बंद, किल्ली ‘ऑन’वर ठेवून अ‍ॅप जोडा.

नोंदवायच्या गोष्टी चार. साठवलेले कोड. ‘पेंडिंग’ कोड, म्हणजे ज्यांची तक्रार दिसली आहे पण ज्यांच्यासाठी दिवा अजून लागलेला नाही. फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणी वेग, आरपीएम, कुलंटचं तापमान आणि इंजिनवरचा भार किती होता. आणि तुमचं स्वतःचं निरीक्षण: पाऊस होता का, घाट चढत होतात का, आदल्या दिवशी गाडी धुतली होती का, डिझेल कुठे भरलं. सीएनजीची गाडी असेल तर त्या वेळी सीएनजीवर होती की पेट्रोलवर, हे जरूर लिहा; दोन्हींची कारणं वेगळी निघतात. स्क्रीनचे फोटो काढून ठेवा.

कोड उडवला की बहुतेक गाड्यांत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणाऱ्यांचंही हेच होतं. सगळ्यात उपयोगी पुरावा आपल्याच हाताने जातो.

तपासा: फोटोत कोडचे पाचही अक्षर-अंक स्पष्ट दिसतात ना? ०४०१ आणि ०४०४ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

## टप्पा २: कोडचा अर्थ लावा

पहिलं अक्षर ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, ‘बी’ बॉडी, ‘सी’ ब्रेक-स्टिअरिंगकडची यंत्रणा, ‘यू’ म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. त्यानंतर ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांत सारखा. १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, आणि मग नेटवरच्या दुसऱ्या गाडीच्या अर्थावर विसंबू नका.

किनाऱ्यावर नेहमी भेटणारे काही कोड असे. पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधून अपेक्षेपेक्षा कमी धूर परत येतोय. कार्बनने वाट तुंबल्याचं हे नेहमीचं लक्षण, पण एअर फ्लो सेन्सर चुकीचं सांगत असेल तरी हाच कोड पडू शकतो. पी ०४०३ हा ईजीआरच्या विजेच्या सर्किटचा कोड आहे. तो असताना व्हॉल्व्ह कितीही घासला तरी उपयोग नाही, आधी वायर आणि कपलर बघा. पी ०४०४ म्हणजे व्हॉल्व्ह सांगितल्या जागी जात नाही. पी ०१०१ आणि ०१०२ एअर फ्लो सेन्सरकडे बोट दाखवतात. पी ०१७१ पेट्रोल गाडीत हवा जास्त, इंधन कमी असं सांगतो. पी ०३०० ते ०३०४ मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं. शेवटचा आकडा सिलिंडरचा, ० असेल तर एकाहून जास्त सिलिंडर. पी ०२९९ टर्बोचा दाब कमी.

पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही हा कोड, वाचल्यावर लोक थेट महागड्या कन्व्हर्टरची चौकशी सुरू करतात. थांबा. आपल्याकडे सायलेन्सरचे पाइप गंजतात. सेन्सरच्या आसपास जोड फुटला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर फसतो. सकाळी थंड इंजिन चालू करून पुढच्या पाइपाजवळ फटफट असा आवाज येतो का ते ऐका, जोडावर काळा डाग पडलाय का ते बघा.

एकदम पाच-सहा कोड आले, त्यांत ‘यू’चेही असले, तर एकेकाच्या मागे लागू नका. बॅटरी, अर्थिंग आणि फ्यूज यांपासून सुरुवात करा.

## टप्पा ३: पाना न लावता होणारी तपासणी

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. किनाऱ्यावरच्या कितीतरी तक्रारी याच टप्प्यावर सुटतात आणि त्यांना खर्च जवळजवळ नसतो.

इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि टॉर्च घेऊन वायरिंगच्या मागून-खालून बघा. लाकडांच्या खोपीशेजारी किंवा भाताच्या कणगीजवळ गाडी लावत असाल तर उंदीर आत आलाच असं धरून चला. लेंड्या, सुपारीची सालं, पेंढा, गोणपाटाचे धागे दिसले की त्या भागातली प्रत्येक वायर बोटाने चाचपा. फक्त वरचं आवरण कुरतडलेली वायर कोरड्या दिवसांत नीट चालते आणि पहिल्या सरीला दिवा लावते. तुटलेली वायर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नका. सोल्डर करून वर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा.

मग कपलर. कोडशी संबंधित सेन्सरचा कपलर लॉक दाबून काढा, वायरीला धरून ओढू नका. आतल्या पिनांवर हिरवट-पांढरा थर म्हणजे खाऱ्या हवेचा गंज. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या. बसवताना रबरी सीलवर कपलरसाठीचं डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी पातळ लावा. साधं चाकाचं ग्रीस तिथे चालत नाही. विहिरीवरचा पंप लावून किंवा वॉशिंग सेंटरला इंजिनवर जोरात पाणी मारून घेतलं असेल तर कपलरमध्ये पाणीही सापडेल.

बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. आता इंजिन, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवा. तो ०.३ च्या वर गेला तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलाय. तो खरवडून साफ करून पुन्हा घट्ट करा. या एका पट्टीमुळे भलत्याच सेन्सरांचे कोड पडतात.

शेवटी हवेची वाट. एअर फिल्टर काढा. चिऱ्याच्या खाणीच्या रस्त्यावर रोज जाणारी गाडी असेल तर फिल्टर तांबड्या धुळीने गच्च झालेला असतो, आणि पावसाळ्यात तोच ओला होऊन फुगतो. फिल्टरच्या डब्यापासून इंजिनपर्यंतच्या रबरी पाइपाच्या घड्या बोटांनी फाकवून चिरा शोधा, क्लिपा हलवून बघा. डिझेल गाडीत टर्बोच्या पाइपाचे जोड बघा; तिथे ताजं तेलकट ओलं दिसलं तर हवा तिथून निसटत असण्याची शक्यता आहे. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठलं असेल तर तळाच्या नळीतून काढून टाका.

तपासा: इथे काही सापडलं आणि दुरुस्त केलं, तर आता थेट टप्पा ६ वर जा. साफसफाईला हात लावू नका. एका वेळी एकच बदल केला तरच कशाने फरक पडला ते कळतं.

## टप्पा ४: चालू इंजिनचे आकडे

अडॅप्टर जोडून इंजिन पूर्ण गरम होऊ द्या.

कुलंटचं तापमान सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटांत ८० अंशांच्या वर जाऊन तिथे टिकायला हवं. ते ६५ ला रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट (कुलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) उघडा अडकलाय. असं इंजिन स्वतःला थंडच समजतं, जास्त इंधन घेतं आणि काजळी करतं. अशा गाडीचा ईजीआर साफ केला तरी तो लवकरच पुन्हा तुंबेल.

पेट्रोलमध्ये ‘फ्युएल ट्रिम’ बघा, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्या मापापेक्षा किती टक्के इंधन जास्त-कमी देतोय ते. शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (बऱ्याच काळाचा) मिळून अधिक १० टक्क्यांच्या वर असेल तर कॉम्प्युटर जादा इंधन देऊन काहीतरी भरून काढतोय. जागेवर उभ्या गाडीत ट्रिम जास्त आणि २५०० आरपीएमला कमी होत असेल तर कुठेतरी हवा आत शिरतेय. रेस वाढवल्यावर ट्रिमही वाढत असेल तर एअर फ्लो सेन्सर मळलाय किंवा इंधनाचा पुरवठा कमी पडतोय.

डिझेलमध्ये ईजीआरला दिलेला हुकूम आणि त्याची प्रत्यक्ष जागा हे दोन आकडे शेजारी लावा. दोन्ही बरोबर हलायला हवेत. ईजीआर उघडला की एअर फ्लोचा आकडा खाली यायला हवा, कारण तेवढी जागा धुराने घेतलेली असते. व्हॉल्व्ह उघडतोय पण एअर फ्लो तसूभर हलत नाही, असं असेल तर वाट तुंबलीय. साफसफाईचं खरं कारण आता हातात आलं. तुमचं अ‍ॅप हे आकडे दाखवत नसेल तर मोठा स्कॅनर असलेल्या मेस्त्रीकडून एवढंच बघून घ्या.

## टप्पा ५: साफसफाई

इंजिन पूर्ण थंड, किल्ली काढलेली, बॅटरीचं ऋण टोक सोडवलेलं. हे स्प्रे भडकून पेट घेतात. शेडमध्ये वारा खेळता हवा आणि जवळ चूल, विडी-सिगारेट काही नको.

एअर फ्लो सेन्सर. कपलर काढा, दोन स्क्रू सोडवून सेन्सर बाहेर घ्या. आतली तार किंवा पातळ पट्टी केसासारखी नाजूक असते. तिला बोट, कापूस, ब्रश काहीही लावायचं नाही, कॉम्प्रेसरची हवाही नाही. क्लीनरचे दहा-बारा छोटे फवारे मारा आणि निदान अर्धा तास सुकू द्या. दमट हवेत आणखी वेळ द्या.

थ्रॉटल बॉडी (मुख्यतः पेट्रोल). क्लीनर थेट आत ओतू नका. चिंधीवर घेऊन झडपेची कड आणि भोवतालची गोलाई पुसा. इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने जबरदस्तीने ढकलली तर आतले गिअर खराब होतात, म्हणून हलक्या हाताने जेवढी हलेल तेवढीच.

ईजीआर व्हॉल्व्ह. घाई नडते ती इथे. आधी बघा की व्हॉल्व्ह कुलंटची नळी न सोडता निघतो का. कुलर आणि व्हॉल्व्ह एकत्र असतील तर ते काम घरी करू नका. कुलंट काढणं, भरणं आणि त्यातली हवा घालवणं नीट जमलं नाही तर इंजिन तापून बसेल.

बोल्ट खाऱ्या हवेने धरलेले असतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी बोल्ट थोडा सोडवा, थोडा परत आवळा, असं पुढे-मागे करत काढा. एका झटक्यात जोर लावला तर डोकं तुटतं, आणि अ‍ॅल्युमिनियममधला तुटका बोल्ट काढणं हे लेथवाल्याचं काम होऊन बसतं.

व्हॉल्व्ह हातात आल्यावर त्याचं तोंड खाली धरा, म्हणजे क्लीनर वरच्या मोटरकडे जाणार नाही. फवारा, पाच मिनिटं थांबा, नायलॉन ब्रशने घासा, पुसा, पुन्हा फवारा. पूर्ण व्हॉल्व्ह रॉकेलात किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवण्याची पद्धत सोडून द्या. मोटर आणि सेन्सर त्यातच जातात. तारेचा ब्रश आणि स्क्रू ड्रायव्हरही नको, कारण झडप जिथे टेकते त्या कडेवर ओरखडा पडला की ती कायमची गळते.

इंजिनच्या बाजूच्या तोंडातला कार्बन खरवडताना सुटलेली खपली आत पडता कामा नये. दुसऱ्याला व्हॅक्यूम क्लीनरची नळी तोंडाशी धरायला सांगा, पण त्या वेळी तिथे स्प्रे वापरायचा नाही. आत खोलवर थर दिसला तर पूर्ण मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइपांचा भाग) खोलण्याचं काम आहे, तिथे थांबा.

तपासा: झडप बंद असताना तिच्या वाटेत क्लीनरचे काही थेंब टाका. दोन मिनिटांत पलीकडे पाझरले नाहीत तर झडप नीट टेकतेय.

साफ करायचं नाही असं काही: ऑक्सिजन सेन्सर धुऊन सुधारत नाही. कन्व्हर्टर आणि डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) यांत पाणी मारायचं नाही. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ स्वतःची काजळी सुमारे ६०० अंशांना जाळतो, आणि त्यासाठी त्याला सलग धाव लागते. त्याचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने हायवेवर चालवा. तळोजा-पनवेलपर्यंत जायची गरज नाही. कणकवली-कुडाळसारखा मोकळा पट्टा पुरतो. जळत असताना मध्येच इंजिन बंद केलं की काम अर्धवट राहतं. त्या वेळी सायलेन्सर फार तापतो. सुक्या गवतावर गाडी उभी करू नका.

## टप्पा ६: जोडणी, कोड उडवणं आणि धाव

पॅकिंग नवं, बोल्ट समोरासमोर थोडे-थोडे आवळत, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला. क्लीनर पूर्ण उडून गेल्याशिवाय इंजिन चालू करू नका. डिझेल इंजिनमध्ये साठलेला क्लीनर इंधनासारखा जळतो आणि रेस हाताबाहेर जाऊ शकते. याच कारणाने चालू डिझेल इंजिनच्या हवेच्या पाइपात फवारा मारू नये.

आता कोड उडवा. पहिल्यांदा आरपीएम थोडा वर-खाली होईल. पेट्रोल गाडीला काही मिनिटं एसी बंद ठेवून जागेवर चालू द्या, बहुतेक गाड्या झडपेची नवी जागा शिकून घेतात. काही ईजीआर मात्र स्कॅनरनेच शिकवावे लागतात. साफ केल्यावर नवाच पी ०४०४ आला तर आधी तेच करून घ्या.

मग गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी थंड चालू करा. दोन-तीन मिनिटं जागेवर, थोडं गावातून, मग हायवेला साठ ते ऐंशीच्या एका वेगाने पंधरा-वीस मिनिटं, आणि मधूनमधून गिअरमध्येच रेस सोडून वेग उतरू द्या. नुसत्या घाटात फिरून हे होत नाही, कारण तिथे एक वेग टिकत नाही.

तपासा: अ‍ॅपमध्ये ‘रेडीनेस’ची यादी, म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःच्या कोणत्या चाचण्या पूर्ण केल्या ती, उघडा. सगळ्या चाचण्या पूर्ण आणि पेंडिंगमध्ये काही नाही, तेव्हाच काम झालं. दिवा विझलाय एवढ्यावर समाधान मानू नका. चाचणी चाललेलीच नसते तेव्हाही तो विझलेलाच असतो. पीयूसी काढायची असेल तर ती यानंतर.

## कोड परत आला तर

नवी फ्रीझ फ्रेम जुन्या फोटोशेजारी ठेवा. त्याच तापमानाला, त्याच वेगाला आला असेल तर मूळ कारण तसंच आहे. ईजीआर वर्षभरात पुन्हा तुंबत असेल तर टर्बोमधून येणारं तेल, इंजेक्टर आणि थर्मोस्टॅट बघायला हवेत, आणि रोजची धाव फक्त घर ते बाजार एवढीच आहे का, तेही.

अशा वेळी ईजीआरला पत्रा लावून बंद करायचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. धुरातली नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं कमी करण्यासाठी तो भाग आहे, तो निकामी करणं कायद्याला धरून नाही, आणि गाडीचा कॉम्प्युटर ते ओळखून दिवा पुन्हा लावतो.

गाडी मेस्त्रीकडे द्यायची तर कोडचे फोटो, मोजलेले व्होल्ट, काय साफ केलं आणि कोणत्या तारखेला, हे एका कागदावर लिहून द्या. चांगल्या मेस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो.

## शिमग्यापासून गणपतीपर्यंत उभी राहणारी गाडी

चाकरमान्यांच्या गावी ठेवलेल्या गाड्यांना हा दिवा हमखास लागतो. ठेवताना अडॅप्टर सॉकेटमधून काढा, तो बंद गाडीतही बॅटरी खातो. बॅटरीचं ऋण टोक सोडवा. गाडीजवळ धान्य, पेंढा, लाकडं नकोत. परत आल्यावर किल्ली फिरवण्याआधी बॉनेट उघडा, एअर फिल्टरचा डबा खोलून आत घरटं नाही ना ते बघा, वायरिंग चाचपा, आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी काढूनच पहिला स्टार्टर मारा.